पंगत आणि वर्गणी

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळची गोष्ट. मी माझी जुनी मोटार घेऊन शाळेकडे निघालो होतो. दादरच्या अलीकडे वाहने जी खिळली, ती हालेनात. शेजारी एक बस उभी होती. सहज मान वर केली, तो तिच्या खिडकीशी, वरची कडी धरून, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी उभ्या! त्यांनी मला पाहिले, मी त्यांना पाहिले. त्या हसल्या. मीही हसलो, पण ते हसणे मला जड गेले.

संध्याकाळी त्या घरी आल्या त्या गप्पगप्पच. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मास्तर, सकाळचं एक काम सुटलं. महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला म्हणाल्या बाई. मी म्हटलं, बस काय मी चालवते?" आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा तिथंच अडकला होता की."

मीही अडकलो होतो, हे खरे. पण मला उशीर झाला तेव्हा हेडमास्तरांनी नुसते घड्याळाकडे पाहिले. माझे नुकसान तेवढेच. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, तितकाच उशीर झालेल्या दोन माणसांपैकी एकाचे काम गेले आणि दुसऱ्याची फक्त मान खाली गेली. शिवाय माझ्या मनातून जाईना ती गोष्ट वेगळीच होती. मावशींच्या बसमध्ये पन्नास-साठ माणसे होती आणि माझ्या मोटारीत मी एकटा. बसला जागा लागते ती फार तर तीन मोटारींची. मग त्या सकाळी कोणी कोणाला अडविले होते?

एक कबुली येथेच द्यावयास हवी. वीस वर्षे मी बसने शाळेत गेलो आणि वीस वर्षे मोटारवाल्यांच्या नावाने बोटे मोडली. मोटार घेतली आणि सहा महिन्यांच्या आत बस ही मला रस्त्यातली धोंड वाटू लागली. ह्या अवधीत मी कोणताही नवा ग्रंथ वाचला नव्हता, की कोणाशी वाद घातला नव्हता. माझी बसण्याची जागा बदलली होती, एवढेच. आपण ज्याला आपले मत म्हणतो ते पुष्कळदा आपल्या आसनाचे मत असते. म्हणून रस्त्यावर पहिला मान कोणाचा, हा प्रश्न आसनावरून उठून विचारला पाहिजे.

आपल्याकडे पंगतीत पाने माणशी मांडतात. कोणी रुंद पाट घेऊन आला म्हणून त्याच्यापुढे तीन पाने मांडीत नाहीत. रस्ता ही गावाची पंगत आहे. तेथे वाहने न मोजता माणसे मोजावीत, आणि जे वाहन अधिक माणसे नेते त्याला आधी वाट द्यावी, हा न्याय समजावयास फार विद्वत्ता लागत नाही.

माझे एक मित्र ह्यावर म्हणतात, "मी गाडीचा कर भरतो, पेट्रोलवर कर भरतो. मग मी मागे का राहू?" मित्राचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु मावशीही कर भरतात. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक वस्तूत त्या तो भरतात. आणि रुग्णवाहिकेला आपण वाट देतो तेव्हा आतल्या रोग्याने कर किती भरला, असे विचारतो काय? वाट गरजेप्रमाणे द्यावयाची असते, हे आपण तेथे न शिकवता मानतो.

अर्थात चांगले तत्त्व अर्धवट राबविले तर ते बदनाम होते. पुण्यात २००६ साली स्वारगेट-कात्रज व स्वारगेट-हडपसर ह्या रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्ग राखण्याचा प्रयोग सुरू झाला. काही ठिकाणी मार्ग सलग नव्हता. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर पोहोचण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना धावत्या वाहनांतून जावे लागे. मोकळी पट्टी दिसली की इतर वाहने तीत घुसत. पुढे नगर रस्त्यावरचा तसा मार्ग तर काढूनच टाकण्यात आला. लोक म्हणू लागले, ही कल्पनाच चुकीची. मला वाटते, चुकली ती निष्ठा. अर्धे पान वाढून पाहुण्याला उठविले, तर दोष अन्नाला देता येत नाही.

आता दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न : ह्या पंगतीचा खर्च कोणी करावयाचा?

मुंबईत हा प्रश्न जुना आहे. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली ती विजेवर धावू लागली, १९२६ साली मोटारबस आली. १९४७ साली वीज आणि वाहतूक हा दोन्ही कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम गेली, बस राहिली. पुढे अनेक वर्षे बसची तूट विजेच्या उत्पन्नातून भरून निघे. पुढेपुढे तर वीजबिलात त्यासाठी वेगळा आकारही लागे. गंमत अशी की बेस्टची वीज जाते ती फक्त शहरभागात, आणि बस मात्र उपनगरांतही धावते. कुलाब्याच्या दिव्याने बोरिवलीच्या प्रवाशाचे भाडे हलके करावे, हा न्याय की अन्याय? वीजग्राहकांनी हा प्रश्न विचारला, तो रास्तच होता. तो आकार बंद झाला. परंतु त्याच्या जागी दुसरी खात्रीची वर्गणी कोणी बसविली नाही. तूट वाढत गेली, बेस्टचा ताफा आटत गेला, आणि मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले.

त्याच्या आधीची दोन वर्षे आठवावी. मार्च २०२४ पासून महापालिकेचा सागरी किनारा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर १३ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, आणि त्यावर पथकर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारी व इतर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. तिजोऱ्या निरनिराळ्या, निर्णय घेणारेही निरनिराळे, हे मी जाणतो. तरी मावशींच्या हातातली पिशवी एकच आहे. त्या पिशवीकडून पाहिले तर हिशेब असा दिसतो : मोटारीचे ओझे उतरले, बसचे चढले. आणि मोटारवाला म्हणून ती सूट मीही निमूटपणे खिशात घातली आहे.

भाड्यातून सगळा खर्च निघालाच पाहिजे, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, बसचा लाभ फक्त प्रवाशाला होतो काय? मावशी वेळेवर आल्या तर गरम पोळी मी खातो. कामगार वेळेवर पोहोचला तर कारखाना मालकाचा चालतो. साठ माणसे बसमध्ये बसली म्हणून माझ्या मोटारीला थोडा तरी रस्ता मोकळा मिळतो. ज्यांचा लाभ, त्यांची वर्गणी, हे इतर देशांनी करून पाहिले आहे. पॅरिसच्या परिसरात १९७१ पासून वाहतुकीसाठी मालकांकडून पगाराच्या प्रमाणात कर घेतात. लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्याला आकार द्यावा लागतो, आणि त्याचे उत्पन्न वाहतुकीवरच खर्चावे लागते.

पण इतके दूर जावयास नको. १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला, तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे पैसे कापले जात आणि दुष्काळी तालुक्यात खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती मजुरी पडे. देणाऱ्याने तो तालुका कधी पाहिलाही नसेल. तरी ती वर्गणी आपण दिली. मग ज्या बाईच्या हातची पोळी आपण रोज खातो, तिच्या बससाठी देताना आपला हात का आखडावा?

येथे सावध राहिले पाहिजे. अवजारांची पेटी घेऊन हिंडणारा कारागीर, पाय अधू असलेला वृद्ध, ह्यांना वाहन ही चैन नव्हे. त्यांना सूट हवीच. आणि बस वेळेवर येण्याची हमी न देता मोटारीवर आकार बसविणे, ही नुसती वसुली होईल. आधी पान मांडावे, मग वर्गणीचे पुस्तक काढावे.

गावच्या उत्सवात हे सारे आपण करीत आलो आहो. जेवायला पान माणशी एक. वर्गणी मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. सावकार अधिक देई म्हणून त्याला दोन पाने कोणी मांडीत नसे, आणि ज्याला काही देता येत नसे त्याला कोणी उठवीत नसे.

मावशींना अजून दुसरे काम मिळालेले नाही. ह्या दिवाळीत फराळाच्या कामाला त्या आमच्याकडे थोडा अधिक वेळ येतात. मी आठवड्यातून तीन दिवस पुन्हा बसने जाऊ लागलो आहे. त्याने शहर सुधारणार नाही, हे मला कळते. पण आसन बदलले की मत बदलते, हे मी एकदा अनुभवले आहे. म्हणून हे मत टिकावे यासाठी मधूनमधून त्या कडीला लोंबकळणे मला आवश्यक वाटते.