रक्तपेशींचे पोषण आणि अहिंसेचा प्रश्न

मानवी रक्तपेशी शरीराबाहेर जगवण्यासाठी क्षार, ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे असलेले पोषक माध्यम लागते. त्यात बहुधा १० टक्क्यांच्या आसपास सीरम मिसळतात. हे सीरम गाभण गाईची कत्तल झाल्यावर तिच्या पोटातील वासराच्या हृदयातून काढलेल्या रक्तापासून तयार होते.

या कामात वनस्पतींचाही वाटा जुना आहे. घेवड्याच्या, म्हणजे राजम्याच्या, बियांतील फायटोहिमॅग्लुटिनिन आधी तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी वापरत. याच द्रव्यामुळे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी विभागू लागतात, हे पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवले. रक्तातून गुणसूत्रे तपासण्याची पद्धत या शोधावर उभी राहिली. आता सोयाबीनच्या प्रथिनांचे अर्क आणि भाताच्या दाण्यात तयार केलेले मानवी अल्ब्युमिन सीरमची काही कामे करतात. मात्र प्रत्येक प्रकारच्या पेशीला पुरेल असे एकच वनस्पतिजन्य माध्यम नाही.

माध्यम बदलले म्हणजे हिंसा संपली, असे जैन दर्शन मानणार नाही. त्याच्या मते वनस्पतीही सजीव आहे. पण तिला स्पर्श हे एकच इंद्रिय आहे, तर गाय आणि वासरू पंचेंद्रिय आहेत. म्हणून वनस्पतिजन्य माध्यमाकडे वळल्याने हिंसा शून्य होत नाही, तिची पायरी मात्र खूप खाली येते.

गाय मांसासाठी मारली जाणारच होती, सीरम हे केवळ उपउत्पादन आहे, असा युक्तिवाद केला जातो. जैन विचारात कर्माचा दोष तीन वाटांनी लागतो: स्वतः केल्याने, दुसऱ्याकडून करवल्याने आणि केलेल्याला अनुमोदन दिल्याने. सीरमला किंमत मोजणारी प्रयोगशाळा सुरी धरत नाही. पण त्या व्यवहाराला ती आधार देते, आणि अनुमोदनापासून ती पूर्णपणे मुक्त राहत नाही.

उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वृत्तीशी, जोडलेली आहे. या कसोटीवर दोन प्रसंग वेगळे ठरतात. रुग्णाच्या निदानासाठी दुसरे साधन नसताना सीरम वापरणे ही अपरिहार्यता आहे. दोष तिथेही आहे, पण बेफिकिरी नाही. पर्याय सिद्ध असूनही केवळ सवयीने सीरम वापरणे हा मात्र प्रमाद आहे. त्यामुळे वनस्पतिजन्य माध्यमांचा शोध हे संशोधकाचे नैतिक कर्तव्यही ठरते.