कडेवरचें भावंड

१९४० सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें ‘संत ज्ञानेश्वर’ हा बोलपट काढिला. मोठ्या ज्ञानदेवाची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरच्या ख्रिस्ती घराण्यांतले, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक असेल. संन्याशाचीं पोरें म्हणून वाळींत पडलेलीं चार भावंडें आईबापांमागें एकमेकांस धरून राहतात, ही ती कथा. परंपरेप्रमाणें वडील निवृत्ति धाकट्या मुक्तेहून सहाच वर्षांनीं मोठा. प्रेक्षक डोळे पुसतात व निवृत्तीस धन्य म्हणतात, आम्हीही म्हणतों. परंतु पोरावर पोर सोंपविणारा गांव त्या स्तुतींतून अलगद सुटून जातो.

ही गोष्ट तेराव्या शतकांतच राहिली असें नाहीं. वसई तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून वारली व कातकरी कुटुंबें येतात, तीं पावसाळ्यापर्यंत राहतात. मालकाकडून उचल आधींच घेतलेली. मजुरी हजार विटांमागें. नवराबायको जोडीनें राबतील तेव्हां ती फिटावयाची. काम पहाटेच्याही आधीं सुरू होतें. तान्हें मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर जातें, आणि दहा वर्षांच्या त्या मुलीची शाळा तेथेंच संपते. पोर शहाणी आहे, आईला मोठा आधार आहे, असें सारे म्हणतात. तिला विचारलें कोणीं? जें खालीं ठेवण्याची मुभाच नाहीं, तें वाहण्यास त्याग म्हणावें काय? आमच्या मतें म्हणूं नये. तिचें प्रेम मात्र खरें असतें, आणि त्या प्रेमाकडे पाहतां पाहतां अन्याय दिसेनासा होतो.

मोशेची बहीण आठवावी. ती नदीकांठीं पेटाऱ्यावर नजर ठेवून उभी राहिली खरी. तथापि बाळ तिच्या कडेवर राहिलें नाहीं. तें आईच्याच मांडीवर गेलें, आणि त्याला दूध पाजण्याबद्दल राजकन्येनें आईस वेतन दिलें. (हें वेतन उपदेशांतून बहुधा गळतें.)

उसगांवच्या विधायक संसद या संस्थेनें १९९० च्या दशकांत भट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालविल्या; भोंगा म्हणजे मजुराची झोंपडी. सहा वर्षांखालील मुलांकरितां अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा आहे. कागदावर दोन्ही भावंडांची सोय झाली. परंतु अंगणवाडी गांवांत व भट्टी दूर शेतांत असली, तर धाकट्याची सोय झाल्यावांचून थोरलीस शाळेचें दार उघडत नाहीं. ज्या मंडळीच्या शिवारांत भट्टी आहे, तिनें सकाळचे चार तास तें मूल मंदिराच्या ओसरीवर सांभाळावें कीं नाहीं, हें पंचांनीं पुढच्या बैठकींत ठरवावें. दिवाळी सरली कीं कुटुंबें येऊं लागतील.