गाव सोडल्यावर लागलेले नाव

आडनावावरून माणसाचे मूळ सांगता येते, हा समज कोकणात फार पक्का आहे. पावसकर म्हणजे पावसचे, देवरुखकर म्हणजे देवरुखचे, राजापूरकर म्हणजे राजापूरचे. आडनाव ऐकले की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ आणि त्या प्रश्नाआड बऱ्याचदा दुसराच प्रश्न दडलेला असतो, ‘म्हणजे कोणातले?’ रत्नागिरी जिल्ह्याच्या आडनावांकडे नीट पाहिले तर या दोन्ही प्रश्नांना आडनाव जेवढे उत्तर देते असे आपण मानतो, तेवढे ते देत नाही. ते देते ते निराळेच उत्तर. ‘कर’ लागलेले आडनाव सांगते की कोणी एक माणूस एके काळी आपल्या गावाबाहेर पडला, परक्या ठिकाणी कोणी तरी त्याला कुठला म्हणून विचारले आणि ते उत्तर कुठल्या तरी वहीत उतरले. या आडनावांत जपला गेला आहे तो निघण्याचा पुरावा, आणि राहण्याचा पुरावा म्हणून तो वाचला की पुढचे सगळे गणित चुकत जाते.

साधी गोष्ट आहे. पावसमध्ये सगळेच पावसचे, तेव्हा तिथे कोणाला पावसकर म्हणून ओळखण्यात काही अर्थ नाही. गावातल्या गावात माणसे ओळखली जातात ती वाडीवरून, भावकीवरून, मानावरून, कामावरून. म्हणून दक्षिण रत्नागिरीपासून मंडणगडपर्यंत वाड्यावाड्यांत शिगवण, भुवड, पाष्टे, कुळये अशी आडनावे आढळतात. किनाऱ्यावर तांडेल आणि सारंग आढळतात, कारण बोटीवरच्या हुद्द्याचे नाव घराला चिकटले. आणि ज्याच्या हाती गावाचा वसूल होता त्याचे घर खोत झाले. 1949 च्या कायद्याने खोती गेली, आडनाव राहिले. ही गावाच्या आतली नावे. ‘कर’वाली नावे गावाच्या वेशीबाहेर जन्मतात. एखाद्या गावात शेजारच्या गावाचे नाव लावणारी चार घरे असतील तर ती घरे कधी तरी तिकडून आलेली आहेत एवढे खात्रीने म्हणता येते. पण त्या शेजारच्या गावात तेच आडनाव दाट सापडेल अशी अपेक्षा धरण्यात तर्काचीच चूक आहे.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावाचा आहे. रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव ते. त्यांच्या मुलाचा जन्म 1891 साली महूच्या लष्करी छावणीत झाला, रामजींच्या निवृत्तीनंतर हे कुटुंब आधी दापोलीत आणि मग साताऱ्यात राहिले, आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. आडनाव कसे आले याच्या दोन हकिकती सांगतात. एकीप्रमाणे कृष्णाजी केशव आंबेडकर या शिक्षकांनी आपले आडनाव प्रिय विद्यार्थ्याला दिले. दुसरीप्रमाणे गावावरून आंबडवेकर असे सांगितले गेले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. कोणती खरी यावर वाद घालणारे घालोत; दोन्ही हकिकतींत एक गोष्ट समान आहे. नाव साताऱ्यात तयार झाले, शाळेच्या पटावर तयार झाले, आंबडव्यात नव्हे. आंबडव्यातले भाऊबंद सकपाळच राहिले. जगभर आदराने घेतले जाणारे हे आडनाव ज्या गावाकडे बोट दाखवते, त्या गावाने ते स्वतः कधी लावले नाही.

आणि त्यांच्या महार समाजातले त्याआधीचे नोंदीतले नाव कसे होते? 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतल्या महार शिपायांची नावे नाक या अखेरीची आहेत: स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि दोहोंना तो प्रत्यय. आजच्या अर्थाने आडनाव तिथे नाही. पेशवाईतल्या कागदांतही सामान्य कुळवाडी ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’ असाच येतो. वतनदार, वृत्तिवंत, सरदार यांच्या घराण्यांना नावे होती, कारण त्यांच्याकडे वारसाने चालत जाणारे काही होते; ज्याच्याकडे वारशात द्यायला काही नव्हते त्याला वारसाने चालणाऱ्या नावाचीही गरज पडली नव्हती. ती गरज निर्माण केली शाळेच्या दाखल्याने, पलटणीच्या यादीने, गिरणीच्या मस्टरने आणि सातबाऱ्याने. म्हणजे ज्या आडनावाला आपण अनादी काळापासूनचे समजतो, ते पुष्कळ घरांत चार-पाच पिढ्यांपलीकडे जात नाही. यात कमीपणा काही नाही. पण चार पिढ्यांच्या नावावर चाळीस पिढ्यांचा अभिमान, किंवा तुच्छता, उभी करणे खरे नाही.

मुंबईच्या गिरण्यांनी या प्रकाराला सर्वांत मोठा वेग दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जनगणनांत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा भरतो. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता, तो 1981 साली वेगळा झाला. परळ-लालबागच्या चाळींत एकेका गावाची खोली असे, गावाचे मंडळ असे, आणि त्या गर्दीत गाव हीच माणसाची पहिली खूण होती. खातेवहीत नाव लिहिणाऱ्या कारकुनाला दहा गणपत आणि पंधरा तुकाराम वेगळे करायचे असत. गाव विचारायचे आणि पुढे ‘कर’ लावायचे, याइतका सोपा उपाय दुसरा नव्हता. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. दहा वर्षांपूर्वी ती 16,96,777 होती. देशातल्या लोकसंख्या घटलेल्या थोड्या जिल्ह्यांपैकी हा एक, आणि दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया असलेला. पुरुष बाहेर आणि गाव मागे, ही जुनीच रीत या आकड्यांत दिसते. ‘कर’ आडनावांचा फैलाव आणि हे आकडे एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

इथे आयर्लंडशी तुलना उपयोगी पडते, कारण आडनावांचे नकाशे काढण्याचे काम तिथे फार आधी आणि फार मनापासून झाले. रॉबर्ट मॅथेसन यांनी 1890 सालच्या जन्मनोंदी घेऊन कोणते आडनाव कोणत्या परगण्यात किती, याचा अहवाल 1894 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर होते. आयरिश आडनाव बहुधा पूर्वजाच्या नावावरून येते, ओ म्हणजे नातवंडांचा आणि मॅक म्हणजे मुलाचा वंश. असे नाव पूर्वजाच्या मुलखात दाटते आणि तिथून पातळ होत जाते; म्हणून नकाशावर जिथे ठिपके दाट, तिथे मूळ शोधायचे अशी पद्धत पडली. कोकणातल्या ‘कर’ आडनावाला ही पद्धत लावली तर उत्तर उलटे येईल. त्याचे ठिपके मुंबईत, ठाण्यात, पुण्यात दाटतील आणि ज्या गावाचे नाव आहे तिथे रिकामी जागा दिसेल. पण आयर्लंडमध्येही ही पद्धत नेहमी खरी ठरत नाही, हे विसरू नये. ओ’सलिव्हन हे आडनाव कॉर्क आणि केरी या परगण्यांत दाट आहे. त्या घराण्याचा मूळ मुलूख मात्र टिपरेरीत होता आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन आक्रमणाच्या रेट्याने ते दक्षिणेकडे सरकले. दाट ठिपका तिथेही पळून येऊन स्थिरावल्याची खूण आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. स्वतःच्याच गावाचे नाव लावून त्याच गावात राहणारी घरे कोकणात आहेत, त्यांचे काय? आहेत, आणि ती कशी झाली हेही समजण्यासारखे आहे. मुंबईच्या मस्टरवर लागलेले नाव मनीऑर्डरीच्या फॉर्मवरून गावी आले, चाकरमान्याच्या मुलाला गावच्या शाळेत घालताना तेच सांगितले गेले, आणि भावाने, चुलत्यानेही ते उचलले. नाव बाहेर जन्मले आणि घरी परतले. दुसरी सावधगिरी जास्त महत्त्वाची आहे: एकाच नावाची गावे अनेक असतात. खेड रत्नागिरीत आहे तसे पुणे जिल्ह्यातही आहे. मुरूड दापोली तालुक्यात आहे आणि जंजिऱ्याचेही आहे. नुसत्या खेडकर किंवा मुरुडकर या नावावरून तालुका ठरवणे म्हणजे अंदाजाला दाखल्याचा मान देणे. कुलदैवत, जुन्या जमिनीचा कागद, लग्नसंबंधांची गावे यांची जोड मिळाल्याशिवाय तो अंदाज पुढे नेऊ नये.

दुसरा आक्षेप येतो तो कुलनामांच्या बाजूने. ‘कर’वाल्यांचे सोडा, पण गोखले, पटवर्धन, सुर्वे, शिर्के ही तर वंशाची नावे आहेत ना? चित्पावनांची चौदा गोत्रे आणि त्यांखालची घराणी यांची परंपरा जुनी आहे, आणि कुलवृत्तान्तांच्या जाड ग्रंथांत पिढ्यांमागून पिढ्या परिश्रमाने नोंदल्या आहेत. मराठीतले ते काम मला मोलाचे वाटते. पण त्याच ग्रंथांतून दिसते की आडनाव हे घराण्याचे अचल लक्षण कधीच नव्हते. मंडणगडच्या वेळासचे भानू पेशव्यांची फडणिशी मिळाल्यावर फडणीस झाले. श्रीवर्धनचे भट पेशवे झाले. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या आश्रयाला गेले, आणि आज पटवर्धन म्हटले की सांगली, मिरज, जमखिंडी आठवतात. चिपळूणचे नाव मराठी गद्यात अमर करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर तर पुण्यात जन्मले आणि पुण्यातच वाढले. सुर्वे हे शृंगारपूरच्या सत्ताधीशांचे आडनाव; 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले. आज ते आडनाव वेगवेगळ्या समाजांत आहे. दळवी मराठ्यांत आहेत तसे कोकणी मुसलमानांतही आहेत. तांबे ब्राह्मणांत आहेत आणि मुसलमानांतही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत 1932 साली जन्मलेल्या हमीद दलवाईंचे आडनाव दळवी या आडनावाच्या किती जवळचे आहे, हे कानालाच कळते. सत्ता, हुद्दा आणि गाव या तिन्ही गोष्टी जातीच्या आणि धर्माच्या भिंतींआरपार जात होत्या, म्हणून त्यांवरून पडलेली नावेही गेली. आडनावावरून जात ओळखणारे अनेकदा बरोबर ठरतात हे मान्य. पण जिथे चुकतात तिथे ते फार महत्त्वाचे काही झाकतात.

सर्वांत मोठी त्रुटी मात्र निराळीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. आडनावांचा नकाशा निम्म्या माणसांना पाहतच नाही. गाव सोडून मुंबईला गेलेल्या पुरुषाचे नाव मस्टरवर उमटले. मागे राहून भातशेती राखणाऱ्या बाईचे माहेरचे नाव लग्नातच पुसले गेले होते. रत्नागिरीतच याचे थक्क करणारे उदाहरण आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. ब्रह्मी लोकांत आडनावाची पद्धतच नाही. त्याच्या थोरल्या राजकन्येची मुलगी टू टू रत्नागिरीत वाढली, पवारांच्या घरात लग्न होऊन गेली, आणि मंडालेच्या राजवंशाची एक शाखा पवार या आडनावाखाली दिसेनाशी झाली. पवार आडनावाचा कोणताही नकाशा ही गोष्ट सांगू शकणार नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले, ते योग्यच झाले. पण आईच्या नावामागून तिच्या माहेरचे गाव अजून कागदावर येत नाही.

आडनाव वहीतल्या नोंदीवर ठरते, या मुद्द्याला समुद्रापार गेलेल्यांची तुलना आणखी धार देते. अलिबाग, पेण, रोह्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही नावे घेऊन इस्रायलमध्ये गेले. तिथे ही नावे आजही कोकणची गावे सांगतात, जी गावे त्या मुलांनी कदाचित पाहिलेलीही नसतील. उलट एकोणिसाव्या शतकात करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या कोकणी मजुरांच्या वंशजांत पूर्वजाचे पहिले नावच आडनाव होऊन बसलेले दिसते. दोघेही कोकणातून निघाले, दोघेही मराठी बोलत निघाले. एकाच्या नावात गाव राहिले, दुसऱ्याच्या नावातून गेले, आणि हा फरक रक्ताने, मातीने किंवा निष्ठेने पाडला नाही. कोणत्या वहीत कोणता प्रश्न विचारला गेला त्याने पाडला.

म्हणून आडनावे टाकून द्यावीत असे मी म्हणत नाही. ती पुरावा आहेत, फक्त पूरक पुराव्याशिवाय बोलत नाहीत. हे शासनालाही अखेर उमगले आहे: सप्टेंबर 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या काळात मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आडनावावर कोणी थांबले नाही. कोतवाल बुके उघडली गेली, शाळांचे जुने पट काढले गेले, मोडीचे वाचक शोधावे लागले. त्या शोधाच्या राजकारणाबद्दल मते वेगळी असतील; पण ती दप्तरे उघडली याचा आनंद व्हायला हवा. आयर्लंडने 1901 आणि 1911 च्या जनगणनेचे घरोघरचे कागद कोणालाही विनामूल्य पाहता येतील असे खुले केले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या शंभरी ओलांडलेल्या शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरांत मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मस्थळ आणि दाखल तारीख अशा नोंदी असतात. कोकणच्या हवेत कागद फार टिकत नाही, आणि प्रत्येक पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कपाटात वाळवी शिरते. जात पडताळणीसाठी जी तातडी दाखवली गेली तिचा काही अंश या रजिस्टरांच्या छायाचित्रणाला मिळाला, तर कोणते ‘कर’ कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत पहिल्यांदा लिहिले गेले हे सांगता येईल. आणि त्याच ओळीत, शेजारच्या रकान्यात, त्याच्या बापाने कोणते नाव लावले होते तेही.