वादळ शमल्यावर

आम्ही लाखनीकडची माणसं. तळं आणि धानाची बांधी, एवढंच आमचं पाणी. देवगड तालुक्यात कुणकेश्वरास गेलो तेव्हा देवळाखालीच समुद्र पाहिला. तिथली दंतकथा अशी: एक इराणी व्यापारी वादळात सापडला. किनाऱ्यावर दिवा दिसला, त्यानं नवस केला, ‘वाचलो तर या देवाचं देऊळ बांधीन.’ वाचला, देऊळ बांधलं. मग स्वकीय आपल्याला घेणार नाहीत, म्हणून त्यानं शिखरावरून उडी टाकली.

कोणी विचारील, नवस म्हणजे देवाशी सौदाच की! वारकऱ्याला त्याचं काय कौतुक? खरं आहे. लाटांत मागितलं तो सौदाच. पण वादळ शमल्यावर शब्द मोडायला त्याला कोण अडवणार होतं? तरी त्यानं तो पाळला. तिथून भक्ती सुरू झाली. प्राणत्याग मात्र आम्ही भक्तीत धरीत नाही. तो दोष दार लावणाऱ्यांचा.

आपण तरी काय करतो? मृग कोरडा गेला की विठ्ठलाला हाका मारतो. धान घरात आलं की एकादशीही विसरतो. मंडळी, कथा खरी की खोटी, हा वाद राहू द्या. भरल्या कणगीपाशी नाम आठवतं का, एवढंच ज्यानं त्यानं आपल्याशी पाहावं.