ठेव आणि दान



गेल्या निवडणुकीच्या दिवसांतली गोष्ट आहे. सोमवारची पूजा आटोपून आम्ही मठाच्या ओसरीवर बसलो होतो. एक वृद्ध शेतकरी घरच्या मंडळींसह दर्शनास आले. विभूती लावून घेतली, प्रसाद घेतला आणि निघताना हात जोडून म्हणाले, "अप्पाजी, आमच्या घरात सात मतं आहेत. तुम्ही सांगाल त्याला घालतो. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

आम्ही विचारले, "अण्णा, सातांपैकी एक तुमचे. उरलेली सहा कुणाची?"

ते हसून म्हणाले, "घर एक, मग मतही एकच की!"

त्यांच्या मागे धाकटी सून मूल कडेवर घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. पण तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले.

आम्ही नाव सांगितले नाही. ते थोडे नाराज होऊनच गेले असावेत. त्यांचे मन आम्हाला समजते. तन, मन, धन गुरू-लिंग-जंगमास अर्पण करावे असे आपण नित्य म्हणतो. मग मतच तेवढे वेगळे कसे? श्रद्धेने पुढे केलेली वस्तू गुरूने परत का करावी? या प्रश्नाचे उत्तर ओसरीवर दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून आज येथे विचार करू.

राज्यपद्धती कशा बदलतात याविषयी आपली कल्पना अशी असते की, रणगाडे येतात, राजवाडा वेढला जातो आणि जुने राज्य जाऊन नवे येते. असे होतेच. परंतु गेल्या शतकात दोन ठिकाणी राज्यपद्धती बदलली ती सभागृहात बसलेल्या माणसांच्या मतांनी. त्या दोन्ही सभांनी आपल्या हातची सत्ता आपणच सोडली. एकीचे नाव घेताना आज जग मान खाली घालते, दुसरीची उदाहरण म्हणून आठवण काढते. हे कसे झाले ते पाहावे.

पहिली सभा बर्लिनची. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. फेब्रुवारीअखेर संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघून नागरिकांची स्वातंत्र्ये स्थगित झाली. २३ मार्च रोजी संसदेपुढे एक कायदा आला. संसदेला न विचारता, प्रसंगी राज्यघटनेला सोडूनही, सरकारने कायदे करावेत असा तो कायदा होता. साम्यवादी प्रतिनिधींना सभेत येऊच दिले नव्हते. हिटलरचे गणवेशधारी लोक सभागृहात उभे होते. बाजूने ४४४ मते पडली, विरोधात ९४. ती ९४ मते एकाच पक्षाची, सोशल डेमोक्रॅटांची होती. त्यांचे पुढारी ओटो वेल्स त्या सभेत उभे राहून विरोधात बोलले. जुलैच्या मध्यापर्यंत जर्मनीत एकच पक्ष कायदेशीर उरला. जुनी राज्यघटना मात्र रीतसर रद्द केलीच नाही. देव्हारा जागच्या जागी, आतला देव मात्र गेलेला, अशी ती स्थिती होती.

दुसरी सभा माद्रिदची. स्पेनमध्ये यादवी युद्ध जिंकून जनरल फ्रँको १९३९ पासून हुकूमशहा होता. २० नोव्हेंबर १९७५ रोजी तो वारला आणि त्यानेच निवडलेला वारस, राजा हुआन कार्लोस, गादीवर आला. पुढल्या वर्षी अदोल्फो सुआरेस हे पंतप्रधान झाले. तेही जुन्या राजवटीतच वाढलेले. त्यांनी राजकीय सुधारणेचा कायदा आणला. त्याचा अर्थ उघड होता: सार्वत्रिक मतदानाने नवी संसद निवडायची आणि फ्रँकोची सभा संपवायची. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी त्याच सभेने त्याला ४२५ विरुद्ध ५९ मतांनी संमती दिली. डिसेंबरात जनतेचा कौल घेतला गेला, १५ जून १९७७ रोजी १९३६ नंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली आणि डिसेंबर १९७८ मध्ये नवी राज्यघटना जनतेने स्वीकारली.

हे सगळे सभासद एका रात्रीत विरक्त झाले, असे मानण्याचे कारण नाही. बाहेर संप चालू होते, विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर होते. नव्या व्यवस्थेत आपलेही काही राहील अशी आशा अनेकांना होती. हेतू मिश्र होते. तरीही कृती शुद्ध होती.

आता प्रश्न असा, की कृती एकसारखी असताना एक पाप आणि दुसरे पुण्य का? दोन्हीकडे कायद्याची रीत पाळल्यासारखी दिसते. दोन्हीकडे बहुमत आहे. तेव्हा फरक कायद्यात किंवा बहुमतात शोधून सापडणार नाही.

तो सापडतो एका जुन्या विचारात. स्मृतिकारांचे सगळे काही आपल्याला मान्य नाही. शरणांनी त्यातला भेदभाव नाकारला आहे. पण व्यवहाराच्या काही गोष्टी त्यांनी नेमक्या सांगितल्या आहेत. ज्या वस्तू दान देता येत नाहीत त्यांत नारदस्मृतीने निक्षेप, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव, धरला आहे. शेजाऱ्याने यात्रेला जाताना आपल्याकडे ठेवलेले दागिने आपण देवाला वाहिले, तरी ते दान होत नाही. ती चोरी होते. आणि असे देणारा व लोभाने घेणारा, दोघेही तेथे दंडास पात्र ठरवले आहेत.

बर्लिनच्या सभासदांनी जे दिले ते त्यांचे नव्हते. ती लोकांची ठेव होती. माद्रिदच्या सभासदांनी जे सोडले ते लोकांचेच अडकवून ठेवलेले होते. ते त्यांनी धन्याला परत केले. पहिला विश्वासघात, दुसरी परतफेड.

कोणी म्हणेल, लोकांनाच हिटलर हवा होता, मग ठेव मोडली कशी? प्रथम हे खरे नाही. मार्च १९३३ च्या निवडणुकीत, एवढी दहशत असूनही, त्याच्या पक्षाला सुमारे ४४ टक्के मते मिळाली. आणि क्षणभर धरून चालू की बहुमत होते. तरीही आजच्या लोकांना उद्याच्या लोकांचा हक्क देऊन टाकता येतो का? जे अजून पाळण्यात आहेत, त्यांनाही एक दिवस राज्यकर्ता बदलावासा वाटेल. त्यांचे ते दार आज बंद करण्याचा अधिकार कोणत्याही बहुमताला नाही. लोकशाहीत चुकीचा माणूस निवडण्याचा हक्क आहे. चूक दुरुस्त करण्याची सोय मोडण्याचा हक्क नाही. हीच या दोन राज्यपद्धतींमधली खरी रेषा आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या देशानेही हे अनुभवले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, तीही राज्यघटनेच्याच कलमाखाली. संसदेने संमती दिली. लोकसभेची मुदत वाढवली गेली. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना अध्यक्षा दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी सरकार बदलले आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तशी घोषणा करणे अवघड केले. दार बंद झाले होते, पण कडी आतून मोडलेली नव्हती.

या सगळ्याची सूचना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत देऊन ठेवली होती. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. स्पेनकडेच पाहा. फेब्रुवारी १९८१ मध्ये काही सैनिकी अधिकाऱ्यांनी संसद ओलीस धरली, तेव्हा त्याच राजाने दूरचित्रवाणीवरून लोकशाहीची बाजू घेतली आणि उठाव फसला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे २०१४ मध्ये त्याने राज्यत्याग केला आणि पैशाच्या व्यवहारांवरून आरोप होत असताना २०२० मध्ये देश सोडला. त्याचे चांगले काम खोटे ठरत नाही. पण चांगले काम केलेल्या माणसालाही प्रश्न विचारावे लागतात, हे खरे ठरते.

आता आमच्याविषयी. ज्या आसनावर आम्ही बसतो, त्यावर आम्हाला कुणी मत देऊन बसवलेले नाही, गुरूंनी बसवले. आमच्यापुढे वाकणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सवय नसते, आणि न विचारले जाण्याची सवय आम्हालाही लागते. अनुभवमंटपात अल्लमप्रभू ज्यावर बसले त्याला परंपरा शून्यसिंहासन म्हणते. शून्याचा तत्त्वार्थ फार खोल आहे, तो येथे उलगडत नाही. इतकेच म्हणतो, की त्या सिंहासनावर बसणाऱ्याने "हे माझे" म्हणायचे नसते. ज्याला हे एवढे सोपे वाक्य पाळणे रोज कठीण जाते, त्याने सात मते ओंजळीत घेऊ नयेत. आज सात घेतली तर उद्या सातशे घ्यावीशी वाटतील, आणि परवा कुणी पुढारी ती मोजायला मठात येईल.

म्हणून अण्णांना आमचे उत्तर असे. तन तुमचे आहे, मन तुमचे आहे, कष्टाचे धन तुमचे आहे. त्यातून दासोह करा. मत मात्र तुमच्याकडे ठेव आहे. त्याचे फळ शेजाऱ्याला भोगायचे आहे आणि सुनेच्या कडेवरच्या त्या मुलालाही. ती ठेव तुम्ही देऊ नये आणि आम्ही घेऊ नये. गावात विचारा, वाचा, भांडा, चुका, आणि पुढच्या वेळी सुधारा. "आम्हाला काय कळतंय" असे मात्र म्हणू नका. कायक करणाऱ्याला कळत नाही, असे शरणांनी कधी मानले नाही.

आणि घरी गेल्यावर सुनेला तिचे मत विचारू नका. ते तिचे तिला ठरवू द्या.

शरणु शरणार्थी.