साक्ष नोंदली जाते ती खालीच

रायगडच्या किनाऱ्यावर वकिलीची सनद घेतलेल्या तरुणाला यशाचा एकच रस्ता दाखवला जातो. काही वर्षे अलिबाग, पेण, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या न्यायालयात हात बसवायचा आणि मग मांडव्याहून मुंबई गाठायची. गेला तो मोठा वकील झाला आणि राहिला तो तालुक्यापुरता उरला, असे आपण सहज बोलून जातो. अपिलात कायद्याचा अर्थ लावणारा श्रेष्ठ आणि साक्षीदार तपासणारा कनिष्ठ, ही उतरंड या बोलण्यामागे असते. ती मुळातच चुकीची आहे असे मला वाटते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो त्या न्यायालयात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या वकिलाच्या कामावर वरचा सगळा न्याय अवलंबून असतो. वरच्या न्यायालयांपुढे माणसे येत नाहीत, त्यांनी सांगितलेल्याची नोंद येते. ती नोंद खाली, एकदाच होते.

महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा या दृष्टीने पुन्हा वाचायला हवा. मार्च १९२७चा सत्याग्रह आपल्याला पाठ असतो, पण त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चाललेला खटला क्वचितच आठवतो. डिसेंबर १९२७मध्ये, महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, तिथल्या काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो हुकूम पुढे उठला, दावा मात्र चालू राहिला. तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याचा रिवाज अनादिकाळापासून चालत आला आहे, असे वादींचे म्हणणे होते. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी त्यांच्या विरोधात निकाल दिला. अपील ठाण्याला गेले, तिथेही १९३३मध्ये ते हरले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी तोच निर्णय कायम केला.

हा निकाल कशावर लागला हे पाहण्यासारखे आहे. माणसामाणसांत समता असावी की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तळे कोणाचे आणि रिवाज किती जुना, एवढेच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे पुराव्यात होती. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, भोवती नगरपालिकेचे रस्ते, त्यांच्यापलीकडे सवर्ण हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरे. अस्पृश्य त्या पाण्याला जात नसत ही अलीकडची वहिवाट कोणी नाकारली नाही. पण तळ्याभोवती ही घरे उभी राहण्यापूर्वी पाण्यावर असा एकाधिकार सांगण्याचा प्रयत्न तरी कोणी केला असेल का, अशी शंका उच्च न्यायालयाने व्यक्त केली. अनादि रिवाज सिद्ध झालेला नाही हा खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष त्याने उचलून धरला. ‘आमच्या आठवणीत असेच आहे’ आणि ‘हे अनादिकाळापासून असेच आहे’ या दोन विधानांमधले अंतर महाडमध्ये दाखवले गेले नसते, तर मुंबईत ते कोणालाही दाखवता आले नसते. दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय सहसा पुरावा नव्याने तोलत बसत नाही, कायद्याचा प्रश्न असेल तेवढाच पाहते. सावित्रीच्या काठावरच्या एका छोट्या न्यायालयातील दफ्तराने हा खटला जिंकला, असे मी म्हणतो ते यामुळे.

यावर कोणी म्हणेल की प्रतिवादी आंबेडकर हे मुंबईचे बॅरिस्टर होते, तेव्हा हे उदाहरण उलट बाजूचे आहे. मला तसे वाटत नाही. आंबेडकरांनी वकिली सुरू केली तेव्हा उच्च न्यायालयातले बडे काम त्यांच्याकडे आपोआप चालून येत नव्हते आणि जिल्ह्याच्या न्यायालयात उभे राहणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही. १९२६मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरच्या खटल्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या बाजूने ते पुण्याच्या सत्र न्यायालयात लढले आणि जिंकले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहा वर्षे लागली, आणि पाण्यावाचून माणूस दहा वर्षे थांबत नाही. हे खरे आहे, आणि त्या विलंबाची किंमत ज्यांनी मोजली ते प्रतिवादींच्या यादीतल्या नावांपेक्षा कितीतरी अधिक होते. मात्र खालची नोंद कच्ची राहिली असती, तर वर प्रकरण फेरसुनावणीसाठी परत फिरण्याचा किंवा हरण्याचा धोका होता. विलंबावरचा उपाय खालच्या न्यायालयाला बळ देणे हाच आहे.

मग अनुभवी वकिलाला नेमके काय येत असते? उलटतपासणी म्हटले की चढा आवाज आणि साक्षीदाराची भंबेरी डोळ्यांपुढे येते. मुरलेला वकील बहुतेक वेळा कमी विचारतो. सरतपासणीत साक्षीदाराने जे सांगितलेले नाही ते आपणच विचारून त्याच्याकडून वदवून घ्यायचे नाही, हे कळायलाच काही वर्षे जातात. शिवाय मुलूख माहीत असावा लागतो. खाडीत भरती असताना अमुक वाटेने माणूस चालत येऊ शकतो का, खारभूमीच्या बांधावरून रात्री किती अंतरावरचे दिसते, आगरी बोलीत दिलेली जबानी प्रमाण मराठीत उतरताना तिचा अर्थ कुठे सरकला, सातबाऱ्यावरचा फेरफार आणि प्रत्यक्ष कसणूक यांचा मेळ बसतो का, हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत. दि. बा. पाटील आणि दत्ता पाटील हे या जिल्ह्याचे नेते दोघेही वकील होते, आणि या किनाऱ्यावरचे जमिनीचे लढे रस्त्यावर जितके झाले तितकेच कागदावरही झाले.

या किनाऱ्याचे नाव देशभर पोहोचले ते मात्र वेगळ्या खटल्यामुळे. १९९३च्या सुरुवातीला शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मारली गेली. माल किनाऱ्यावरून पुढे जाऊ देणारे सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातले लोकही आरोपी होते. टाडा न्यायालयात साडेसहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, निकालवाचन सप्टेंबर २००६मध्ये सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २१ मार्च २०१३ रोजी आला. सरकारी बाजू मांडणारे उज्ज्वल निकम जळगावच्या न्यायालयात घडलेले वकील. एवढ्या मोठ्या खटल्याचे ओझे पेलणारी तालीम जिल्ह्यातच मिळते, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसते. त्याच कारकिर्दीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. २६/११च्या खटल्यातील कसाबने बिर्याणी मागितल्याचे विधान आपण रचले होते, हे त्यांनीच २०१५मध्ये जाहीरपणे कबूल केले. ते विधान न्यायालयाबाहेर, कॅमेऱ्यापुढे केलेले होते, म्हणून त्याची उलटतपासणी झाली नाही आणि देशाने ते खरे मानले. वकिलाची थोरवी प्रसिद्धीवरून ठरवू नये, नोंदीवरून ठरवावी, याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

तंत्रज्ञानाच्या युगात साक्षीदार आणि त्याला तपासणारा वकील या दोघांचेही महत्त्व ओसरेल, असाही युक्तिवाद होतो. पनवेलचा एक खटला त्याला उत्तर देतो. पोलीस अधिकारी अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६मध्ये बेपत्ता झाल्या आणि त्यांचा मृतदेह कधीच मिळाला नाही. तरीही एप्रिल २०२५मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर यांना खुनाबद्दल जन्मठेप दिली. मृतदेह नसताना परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी एकेक कडी जुळवून उभी करावी लागते आणि बचाव पक्षाला प्रत्येक कडी ओढून पाहायचा हक्क असतो. फोनच्या नोंदी असोत की छायाचित्रण, तो पुरावा न्यायालयात येतो तो पंच, तपास अधिकारी किंवा कंपनीचा प्रतिनिधी यांच्या तोंडूनच. यंत्र शपथ घेत नाही. त्यामुळे पुरावा जितका तांत्रिक, तितका तो तपासणारा वकील अधिक तयारीचा लागतो.

सर्वांत खरा आक्षेप वेगळाच आहे. याच अनुभवाच्या जोरावर तारखा लांबवल्या जातात, गरीब साक्षीदाराला थकवले जाते, फितूर होईपर्यंत हेलपाटे घालायला लावले जातात. हे घडते, आणि ते करणारे अननुभवी नसतात. कसबी वकील एकाच बाजूला असला की न्याय वाकतो, म्हणून समोरही तितकाच कसबी माणूस लागतो. पैसे नसलेल्या आरोपीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२पासून विधी साहाय्य बचाव वकिलांची जी योजना आणली आहे, तिच्यात मुख्य बचाव वकिलाला फौजदारी वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव हवा आणि नेमणुकीच्या काळात त्याला खासगी वकिली करता येत नाही. दिशा अगदी योग्य आहे. पण मुंबई तासाभराच्या बोटीवर असलेल्या जिल्ह्यात दहा-पंधरा वर्षे मुरलेल्या वकिलाने अलिबागला राहून, खासगी पक्षकार सोडून, कातकरी किंवा कोळी आरोपीचा खटला लढावा अशी अपेक्षा असेल, तर त्याचे मानधन सरकारी अभियोक्त्याच्या बरोबरीचे आणि नेमणूक निर्धास्त काम करता येईल इतकी दीर्घ हवी. सरकार महत्त्वाच्या खटल्यासाठी विशेष अभियोक्ता नेमते, तेव्हा पैशांची अडचण आडवी येत नाही. बचावाच्या बाजूलाही तोच हिशेब लागू करायला कायद्याने कुठेही मनाई केलेली नाही.