ओरिजिनल

वाणिज्य शाखेत जे काही शिकलो त्यातला घसारा तेवढा माझ्या लक्षात राहिला आहे. घटत्या शिल्लक पद्धतीनं दरसाल पंधरा टक्के घसारा लावत गेलं, तर लाखाची गाडी चाळीस वर्षांनी साधारण दीडशे रुपयांवर येते. पण शून्यावर कधीच येत नाही. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी हे या सिद्धांताचं चालतं, म्हणजे बरेचदा ढकलतं, उदाहरण आहे. वडिलांनी ती १९८६ साली घेतली, तीही जुनी. ह्या गाड्या निघायच्या बंद होऊन दोन तपं उलटली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आमची मात्र अजून आवारात पिंपळाखाली उभी आहे.

टॅक्स्या गेल्या आणि शौकीन आले. त्यातले एक गृहस्थ आमच्याकडे येऊन, गाडीभोवती मुलगी बघायला आल्यासारखे फिरून म्हणाले, "सगळं ओरिजिनल असेल तर तुमची किंमत मान्य. फक्त ह्या डाव्या दाराच्या आतल्या पॅनेलचं तेवढं बघा."

आता पॅनेल म्हणजे काय, तर हार्डबोर्डाचा तुकडा, त्यावर ताणून चिकटवलेलं रेक्झिन, आणि दाराच्या पत्र्यातल्या भोकांत बसणारे मागचे खटके. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतं, हार्डबोर्ड ते पितो आणि पापडासारखा फुगतो. आमचा चांगलाच फुगला होता.

मी चोरबाजारात गेलो. एका दुकानदारानं अभय दिलं, "ओरिजिनल? परसों बना के देगा." परवा बनणारं ओरिजिनल तो बनवणार, तर मग मी का नको, असा विचार करून घरीच कारखाना काढला.

जुनं पॅनेल काढून हार्डबोर्डावर ठेवलं, पेन्सिल फिरवली, हॅकसॉच्या पात्यानं कापलं, काच खालीवर करायच्या हँडलचं भोक पाडलं. रेक्झिन आणि बोर्ड दोन्हींना पिवळा डिंक फासून दहा मिनिटं वाळू दिला, मग मधून कडेकडे ताणत नेलं आणि कोपऱ्यांवर करंजीसारख्या चुण्या घातल्या. काम असं जमलं की सौ.नं चहा न मागता आणून दिला. मग दाराला लावायला गेलो, तर ते बसेना. रेक्झिन मी उलट्या बाजूला चिकटवलं होतं. तयार झालं होतं उजव्या दाराचं पॅनेल. दंतकथेतली पद्मिनीही आरशातच दिसली होती म्हणतात!

दुसऱ्या खेपेला मात्र बसलं. दोन हात लांबून कोणी ओळखणार नाही असं बसलं. आणि इथूनच माझी पंचाईत सुरू झाली. गृहस्थ रविवारी येणार. "ओरिजिनल का?" असं विचारणार. आणि मी काय सांगणार?

पापाला तत्त्वज्ञान लागतं. माझ्या मदतीला नागसेन आले. मिलिंद राजाला ह्या भिक्षूनं विचारलं होतं, तू रथातून आलास ना, मग रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. सगळे भाग एकत्र आले की त्याला व्यवहारात 'रथ' हे नाव मिळतं, इतकंच. म्हटलं, वा! रथच जर नुसतं नाव, तर ओरिजिनल तरी काय आहे? खुशाल म्हणावं हो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की नागसेनांनी माझी सोय केलीच नव्हती. रथ हे व्यवहारानं ठरलेलं नाव असेल, तर तो व्यवहार सगळ्यांनी पाळला तरच नावाला अर्थ. 'ओरिजिनल' म्हणताना घेणारा एक समजणार आणि मी दुसरंच मनात धरणार, तर मग शब्दच उरत नाही. बँकेत डिमांड ड्राफ्ट हरवला तर आम्ही दुसरा देतो. पैसे त्याचेही तेवढेच मिळतात, कमी नाहीत. फक्त त्यावर 'डुप्लिकेट' असं लिहावं लागतं. म्हणजे नवा कागद करणं हा गुन्हा नाही. ते न लिहिणं हा आहे.

शनिवारी सौ.नं जुनं पॅनेल माळ्यावर टाकायला उचललं. त्याच्या पाठीला खाकी कागद चिकटवलेला होता, वह्यांना घालतात तसा. ओलीनं सुटलेला तो कागद तिच्या हातात आला आणि ती म्हणाली, "अहो, इथं काहीतरी लिहिलंय."

पेन्सिलीनं, वडिलांच्या अक्षरात: 'डावं दार. घरी केलं. १२ जून १९८९.'

मी खालीच बसलो. दहा वर्षांचा असताना मी त्या दारावर कर्कटकानं माझं नाव कोरलं होतं आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. पुढं ते नाव दिसेनासं झालं. मी समजत होतो, घासून गेलं असेल. बाबांनी मला मारलं, रागावले, आणि एका सुट्टीच्या दिवशी गुपचूप अख्खं पॅनेल नवीन केलं. पस्तीस वर्षं मी ज्याला ओरिजिनल समजत होतो ते त्यांच्या हातचं होतं. आणि कोणी बघणार नाही अशा जागी त्यांनी तारीखवार खरं लिहून ठेवलं होतं.

रात्री मी माझं पॅनेल पुन्हा काढलं. मागं लाल शाईनं लिहिलं, 'डुप्लिकेट', खाली सही आणि तारीख.

रविवारी गृहस्थांनी विचारलं. मी सांगितलं, "हे मी केलेलं. आधीचं वडिलांनी केलेलं. त्याच्या आधीचं कंपनीचं असावं, पण ती गाडी आम्ही जुनी घेतली, तेव्हा शपथ घेत नाही."

"मग दहा हजार कमी."

"चालेल," मी म्हटलं. मग ते वाकून पॅनेल बघत राहिले. "जुनं आहे का अजून?"

"आहे."

"तेही द्या. मग पूर्ण किंमत."

"ते," सौ. आतून म्हणाली, "विकायचं नाही."

गृहस्थ कळवतो म्हणून गेले, ते अजून कळवताहेत. गाडी पिंपळाखालीच आहे आणि वडिलांचं पॅनेल माळ्यावर. एकाला घसारा लावतो. दुसऱ्याला कुठल्या पद्धतीनं लावावा, ते आम्हांला शिकवलं नव्हतं.